कर्माचं फळ देतं कोण? हिंदू आणि जैन परिभाषेतले सारखे दिसणारे शब्द

कर्म, धर्म, मोक्ष, योग, तप, माया, अहिंसा. हे शब्द हिंदू आणि जैन अशा दोन्ही परंपरांत इतके रुळलेले आहेत की त्यांचा अर्थही दोन्हीकडे एकच असणार, असं आपण धरूनच चालतो. ‘शेवटी सगळे एकच सांगतात’ हे वाक्य चांगल्या मनानं म्हटलं जातं, पण त्यानं दोन्ही परंपरांवर अन्याय होतो, असं मला वाटतं. दोन्हीकडच्या पंडितांनी शतकानुशतकं एकमेकांची मतं बारकाईनं वाचली, खोडली, त्यांना उत्तरं दिली. शब्द सारखे असूनही भांडण्यासारखं काहीतरी खरंच होतं.

हे शब्द एकेक करून पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न हाताशी धरला, तर ते लवकर उलगडतात. तो प्रश्न असा: कर्माचं फळ देतं कोण? याचं उत्तर बदललं की बाकीच्या बहुतेक शब्दांचा अर्थही बदलतो.

आधी एक गैरसमज दूर करू. जैन दर्शनाला जुन्या ग्रंथांत ‘नास्तिक’ म्हटलेलं आढळतं, आणि आजचा वाचक त्याचा अर्थ ‘देव न मानणारा’ असा घेतो. जुन्या वर्गवारीत कसोटी देवाची नव्हती, वेदांची होती. ‘नास्तिको वेदनिन्दकः’ असं मनुस्मृती म्हणते. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, पूर्वमीमांसा आणि वेदांत ही सहा दर्शनं वेदांचं प्रामाण्य मानतात, म्हणून आस्तिक. यातलं अभिजात सांख्य जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाही, पूर्वमीमांसाही मानत नाही, तरी ती आस्तिकच. उलट जैन आत्मा मानतात, पुनर्जन्म मानतात, मोक्ष मानतात. वेद प्रमाण मानत नाहीत, म्हणून त्या यादीत नास्तिक. ‘हिंदू मत अमुक आहे’ असं एका वाक्यात सांगणं अवघड का, तेही यावरून कळतं. तिथं घरातल्या घरातच सहा उत्तरं आहेत.

आता कर्म. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या यज्ञात जमलेल्या विद्वानांसमोर आर्तभाग हा याज्ञवल्क्याला प्रश्न विचारतो. माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, शरीर पृथ्वीत; मग तो माणूस स्वतः कुठं उरतो? याज्ञवल्क्य चारचौघांत उत्तर देत नाही. ‘सोम्य आर्तभागा, हात दे,’ असं म्हणून त्याला बाजूला नेतो. दोघांचं बोलणं काय झालं ते उपनिषद थोडक्यात सांगतं: ते बोलले ते कर्माविषयी. पुण्यकर्मानं माणूस पुण्यवान होतो, पापकर्मानं पापी. पुढं घरोघरी बोलला जाणारा हा विचार इथं जवळजवळ कुजबुजत सांगितला आहे. कर्म आणि फळ यांचा संबंध यात सांगितला आहे, पण तो जोडतो कोण हे सांगितलेलं नाही.

ही जागा पुढं वेगवेगळ्या दर्शनांनी भरली. मीमांसकांची अडचण नेमकी होती. यज्ञ आज संपतो, स्वर्ग मिळणार मेल्यावर. मधल्या काळात त्या यज्ञाचं काय शिल्लक राहतं? त्यांनी ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती मानली. यज्ञातून ती उपजते आणि फळ देईपर्यंत टिकते. नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांनी, त्याला ‘अदृष्ट’ म्हटलं, पण त्यांचा आक्षेप असा की अदृष्ट जड आहे, ते स्वतःहून योग्य माणसाला योग्य वेळी फळ कसं पोहोचवणार? त्यासाठी जाणता नियंता हवा, आणि तो म्हणजे ईश्वर. वेदांतानंही फळ ईश्वराकडूनच येतं असं ठरवलं. ब्रह्मसूत्रात तसं सूत्रच आहे, ‘फलमत उपपत्तेः’.

संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही आपल्या रोजच्या बोलण्यातली विभागणी वेदांताच्या परंपरेतली आहे. साठलेलं ते संचित, या जन्मात फळायला लागलेलं ते प्रारब्ध, आत्ता करतोय ते क्रियमाण. ज्ञान झालं की संचित जळून जातं. गीता ज्ञानाला सगळी कर्मं भस्म करणारा अग्नी म्हणते. प्रारब्ध मात्र ज्ञान्यालाही भोगूनच संपवावं लागतं. जिवंतपणी मुक्त झालेल्याला आजार कसा काय होतो, या शंकेचं उत्तर या विभागणीतच आहे. भक्तिमार्ग आणखी पुढं जातो. फळ देणारा जर ईश्वर असेल तर तो क्षमाही करू शकतो. ‘मी तुला सर्व पापांतून सोडवीन’ असं कृष्ण अर्जुनाला सांगतो तेव्हा कर्माच्या हिशेबावर कृपेचा अधिकार चालतो, असं ते वचन आहे.

जैन उत्तर दोन शब्दांचं आहे: कोणी नाही. फळ देणारा नाही, वाटणारा नाही, माफ करणाराही नाही. मग फळ येतं कसं? इथं जैन दर्शनानं जे मांडलं ते इतर भारतीय दर्शनांहून अगदी निराळं आहे. जैन मते कर्म ही केवळ कृती नाही, कृतीचा नुसता संस्कारही नाही. कर्म हे द्रव्य आहे, पुद्गल आहे, म्हणजे भौतिक पदार्थ. कर्मरूप होऊ शकतील असे अतिसूक्ष्म पुद्गल साऱ्या विश्वात भरलेले आहेत. मन, वाणी आणि शरीर यांची हालचाल झाली की ते जीवाकडे ओढले जातात. याला आस्रव म्हणतात. क्रोध, मान (गर्व), माया (कपट) आणि लोभ हे चार कषाय, म्हणजे मनाचे विकार, असतील तर ते जीवाशी बांधले जातात, हा बंध. कषाय पूर्ण नाहीसे झालेल्या केवलीच्या, म्हणजे पूर्ण ज्ञान झालेल्याच्या, हालचालीनंही पुद्गल येतात, पण त्यांना धरून ठेवणारं काही नसल्यानं लगेच गळून पडतात. बांधणारी गोष्ट कृतीपेक्षा कषाय आहे, हे इथं ध्यानात ठेवायला हवं.

एक उदाहरण जवळून पाहू. तत्त्वार्थसूत्र हा उमास्वातींचा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर हे जैनांचे दोन्ही मुख्य पंथ मानतात (सूत्रांच्या पाठात थोडे फरक आहेत). ज्ञानावर आवरण आणणारं कर्म कशानं बांधलं जातं, याची यादी त्यात आहे: ज्ञानाविषयी द्वेष, आपल्याला माहीत असलेलं लपवणं, मत्सरानं न शिकवणं, दुसऱ्याच्या शिकण्यात अडथळा आणणं. समजा, एका विद्यार्थ्यानं मत्सरापोटी सोबत्याची वही परीक्षेआधी लपवली. जैन कर्मशास्त्र त्या क्षणी चार गोष्टी ठरल्या असं सांगतं. बांधलेलं कर्म कोणत्या जातीचं आहे, ही प्रकृती: इथं ज्ञानावरणीय. किती पुद्गल बांधले गेले, हा प्रदेश. ते किती काळ टिकणार, ही स्थिती. फळ देताना त्याचा जोर किती, हा अनुभाग. पहिल्या दोन गोष्टी हालचालीवर ठरतात, नंतरच्या दोन कषायाच्या तीव्रतेवर. म्हणून तीच वही कोणी नकळत, स्वतःची समजून उचलून नेली, तर हिशेब वेगळा होतो. ठरवायला न्यायाधीश लागत नाही. त्या मुलाच्या ज्ञानावर पडदा येतो तो शिक्षा म्हणून कोणी टाकलेला नसतो; पदार्थाच्या स्वभावानंच तो येतो.

कर्माच्या अशा आठ मूळ जाती आहेत. ज्ञानावरणीय आणि दर्शनावरणीय जाणीव झाकतात, अंतराय दान-लाभ-सामर्थ्य यांत आडवं येतं, आणि मोहनीय दृष्टी व आचरण दोन्ही बिघडवतं. ही चार ‘घाती’, कारण ती जीवाच्या मूळ गुणांवर घाला घालतात. त्यांत मोहनीय सगळ्यात चिवट. त्याची कमाल स्थिती सगळ्या कर्मांत जास्त सांगितली आहे. उरलेली चार अघाती: सुखदुःखाचा अनुभव देणारं वेदनीय, आयुष्याची मर्यादा ठरवणारं आयु, शरीर घडवणारं नाम आणि कुळ ठरवणारं गोत्र. नामकर्मातच ‘तीर्थंकर’ नावाचा एक प्रकार येतो, म्हणजे तीर्थंकर होणं हेसुद्धा बांधलेल्या शुभ कर्माचंच फळ. व्यवस्था इतकी काटेकोर आहे की सर्वोच्च पूज्य व्यक्तीलाही तिच्याबाहेर ठेवलेलं नाही.

फळ देणारा नाही म्हटल्यावर सुटकाही स्वतःलाच करून घ्यावी लागते. नवं कर्म येणं थांबवणं हा संवर, जुनं झडवणं ही निर्जरा. कर्म वेळ आली की फळ देऊन आपोआप झडतंच, पण तेवढ्यात नवं बांधलं जातं. म्हणून वेळेआधी झडवण्यासाठी तप. जैन तप म्हणजे उपवास, एवढंच लोकांना माहीत असतं. शास्त्रात तपाचे बारा प्रकार आहेत आणि त्यातले निम्मे अंतरंग आहेत: प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य म्हणजे सेवा, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान. आजारी साधूची शुश्रूषा हेही तप आहे. उपवासांच्या आकड्यांचं कौतुक करताना ही बाजू मागं पडते, याचं मला वाईट वाटतं.

ज्याला कर्म बांधलं जातं तो जीव कसा आहे? उपनिषदांचा आत्मा अद्वैत वेदांतात एकच एक आणि सर्वव्यापी आहे. उद्दालक श्वेतकेतूला ‘तत्त्वमसि’ सांगतो त्याचा शंकराचार्यांचा अर्थ हाच. न्यायमतात आत्मे अनेक, पण प्रत्येक सर्वव्यापी. रामानुज आणि मध्व यांच्या मते जीव अणू आहे. जैनांचं उत्तर या सगळ्यांहून वेगळं: जीव अनंत आहेत आणि प्रत्येक जीव ज्या देहात असेल त्या देहाएवढा असतो. ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी यावर बोट ठेवलं. माणसाचा जीव पुढच्या जन्मी हत्ती झाला तर हत्तीचं सगळं शरीर तो व्यापणार नाही, आणि इवल्याशा किड्याच्या जन्माला गेला तर त्यात मावणार नाही. तत्त्वार्थसूत्रात याचं उत्तर आहे, ‘प्रदीपवत्’: दिवा मोठ्या खोलीत ठेवला की उजेड खोलीभर पसरतो, मडक्यात ठेवला की मडक्यापुरता राहतो, तसा जीव पसरतो आणि आकसतो. प्रतिपक्ष म्हणतो, जे आकसतं-पसरतं ते नाशवंत असतं. यावर जैन म्हणतात की प्रत्येक वस्तूत काहीतरी उपजत असतं, काहीतरी नाहीसं होत असतं आणि काहीतरी टिकून असतं. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तिन्ही मिळूनच ‘असणं’. जीव द्रव्य म्हणून नित्य, पर्याय म्हणजे बदलत्या अवस्था म्हणून अनित्य.

अनेकांतवाद इथूनच उगवतो. ‘सगळ्यांचंच बरोबर’ असं काही तो म्हणत नाही. वस्तूला अनंत बाजू आहेत, म्हणून कोणतंही विधान कोणत्या अपेक्षेनं केलं आहे ते सांगा, एवढी त्याची मागणी आहे. अशा विधानाला जोडल्या जाणाऱ्या ‘स्यात्’ या शब्दाचा ‘कदाचित’ असा अर्थ लावून स्याद्वादाला संशयवाद ठरवणं चूक आहे. ‘अमुक अपेक्षेनं’ हा त्याचा अर्थ, आणि त्या अपेक्षेपुरतं विधान ठाम असतं.

आता दोन्हीकडे दिसणारे, पण हमखास चकवणारे तीन शब्द. पहिला योग. पतंजलींच्या योगसूत्रात योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध, थांबणं. तत्त्वार्थसूत्रात योग म्हणजे काया, वाणी आणि मन यांची हालचाल, आणि लगेच पुढचं सूत्र म्हणतं की हाच आस्रव. एकीकडे योग हे साधन, दुसरीकडे योग हे कर्म आत येण्याचं कारण. जैन साधनेच्या चौदा गुणस्थानांतल्या शेवटच्या पायरीचं नाव म्हणूनच ‘अयोगी केवली’ आहे. (पुढच्या जैन आचार्यांनी साधना या अर्थीही योग शब्द वापरला, हरिभद्र आणि हेमचंद्र यांनी त्यावर ग्रंथच लिहिले.) दुसरा माया. अद्वैतात एका ब्रह्माच्या जागी अनेक पदार्थांचं जग भासवणारी ती माया. जैन कषायांतली माया म्हणजे कपट, सरळसरळ लबाडी. जैन दर्शन जगाला भास मानत नाही. ते पुरतं खरं आहे.

तिसरा शब्द धर्म, आणि इथं तर वाचक गोंधळतोच. सदाचार, कर्तव्य, अहिंसा हा अर्थ जैनांकडेही आहे. पण विश्व ज्या सहा द्रव्यांचं बनलं आहे त्यांत जीव, पुद्गल, आकाश आणि काल यांच्याबरोबर धर्म आणि अधर्म ही दोन द्रव्यं येतात. इथं त्यांचा पुण्य-पापाशी काडीचा संबंध नाही. धर्म हे गतीला आधार देणारं माध्यम, अधर्म हे स्थिर राहण्याला आधार देणारं. ते कुणाला ढकलत नाहीत की थांबवत नाहीत. त्यांच्यावाचून हालचाल आणि थांबणं शक्य नाही, एवढंच. ‘अधर्म सगळीकडे पसरलेला आहे’ हे वाक्य जैन ग्रंथात दिसलं तर ती नैतिक तक्रार नसते.

अहिंसेच्या बाबतीत साम्य खरंच खोल आहे. पतंजलींचे पाच यम आणि महावीरांची पाच महाव्रतं एकच आहेत: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. जात, देश, काळ यांची सवलत न घेता पाळले तर यमांना ‘महाव्रत’ म्हणावं, असं योगसूत्रही म्हणतं, शब्दसुद्धा तोच. फरक आहे तो जीव कुठपर्यंत मानायचा यात. जैन मते पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती यांतही एकेंद्रिय जीव आहेत, आणि कंदमुळांत एकाच देहात अनंत जीव राहतात. कंद न खाण्यामागं हे कारण आहे.

तरी जैन व्याख्येत हिंसा म्हणजे नुसतं मारणं नव्हे. ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’: बेसावधपणे, कषायाच्या भरात प्राण घेणं ती हिंसा. गृहस्थासाठी तिचे चार भाग करतात. ठरवून केलेली संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. घरकामात होणारी आरंभी, व्यवसायात होणारी उद्योगी आणि संरक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा मात्र शक्य तितकी कमी करायची.

सल्लेखना हा वादाचा विषयही याच व्याख्येवर येऊन थांबतो. मृत्यू जवळ आला असता कषाय आणि अन्न दोन्ही क्रमाक्रमानं कमी करत देह सोडणं म्हणजे सल्लेखना. श्वेतांबर परंपरेत संथारा. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरवला आणि त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. ही आत्महत्या नव्हे का, हा प्रश्न मात्र पूज्यपाद आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या टीकेतच घेतला होता. राग, द्वेष किंवा मोहाच्या भरात विष-शस्त्रानं स्वतःला मारतो त्याचा तो आत्मघात. सल्लेखना घेणाऱ्याला राग-द्वेष नाहीत, म्हणून ती हिंसाच नाही, असं त्यांचं म्हणणं. हे पटो वा न पटो, वाद घालणाऱ्यानं निदान ही भूमिका वाचलेली असावी.

देव आणि प्रार्थना यांबद्दल थोडक्यात. अवतार म्हणजे वरून खाली येणं: ईश्वर जगासाठी देह धरतो. तीर्थंकराची दिशा उलटी आहे. तो माणूसच, अनेक जन्मांच्या साधनेनं वर चढलेला. ऋषभदेवांपासून महावीरांपर्यंत असे २४. त्यांनी साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असं तीर्थ उभं केलं, म्हणून तीर्थंकर. ते कुणाला काही देत नाहीत, कारण देण्याची इच्छाच उरलेली नाही. णमोकार मंत्रात अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू यांना वंदन आहे. त्यात एकाही व्यक्तीचं नाव नाही आणि एकही मागणी नाही. मूर्तीपुढं हात जोडून काही मागणारे जैन अर्थातच आहेत. यक्ष-यक्षिणींची, विशेषतः पद्मावतीची पूजा त्या गरजेतून वाढलेली दिसते. माणसाला ऐकणारं कोणीतरी हवं असतं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

शेवटी मोक्ष. अद्वैतात मुक्ती म्हणजे आपण ब्रह्मच आहोत हे कळणं. तिथं वेगळा मुक्त जीव मोजायला उरत नाही. मध्वांच्या द्वैतात जीव मुक्त होऊनही वेगळा राहतो, विष्णूच्या सान्निध्यात, त्याच्यावर अवलंबून. सांख्यांचं कैवल्य म्हणजे पुरुष (चेतन तत्त्व) प्रकृतीपासून (जड तत्त्वापासून) सुटा होणं. जैन सिद्ध, म्हणजे मुक्त झालेला जीव, वेगळाच राहतो, पण कुणावरही अवलंबून नसतो. प्रत्येक सिद्ध अनंत ज्ञान आणि अनंत सुख असलेला, एकमेकांत न मिसळलेला. कर्माचं ओझं गेलं की जीव स्वभावानं वर जातो आणि लोकाच्या, म्हणजे विश्वाच्या, टोकाला, सिद्धशिलेपाशी थांबतो. तिथंच का थांबतो? तत्त्वार्थसूत्रावरच्या परंपरेचं उत्तर सुरेख आहे: पुढं धर्मद्रव्य नाही. गतीचं माध्यमच लोकाबाहेर नसल्यानं मुक्त जीवही त्यापलीकडे जात नाही.

इथं कोण पोहोचू शकतं यावर मात्र जैनांतच एकमत नाही. पूर्ण अपरिग्रहासाठी वस्त्रत्याग हवा आणि स्त्रीला तो शक्य नाही, म्हणून तिनं आधी पुरुषजन्म घ्यायला हवा, असं दिगंबर मानतात. श्वेतांबर मते स्त्रीदेहातूनही मोक्ष मिळतो. १९ वे तीर्थंकर मल्ली त्यांच्या परंपरेत स्त्री आहेत, दिगंबरांकडे पुरुष. दक्षिणेत यापनीय नावाचा तिसराही पंथ होता. त्यांचे साधू दिगंबरांसारखे निर्वस्त्र राहत, पण स्त्रीमुक्ती मानत, आणि व्याकरणकार शाकटायन यांनी ९ व्या शतकात ती सिद्ध करण्यासाठी संस्कृतात स्वतंत्र ग्रंथ लिहिला.